पाहुणीचा सल्ला
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात, अनसिंग येथे दिलेले भाषण)



 मी काही व्याख्याती नव्हे. अकोल्यास शाळेतल्या मुलींना गृहशास्त्र शिकविण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, एवढीच माझी शिदोरी. मंडळाच्या चिटणीसबाईंनी निरोपाबरोबर विषयही कळविला होता. "घराची डागडुजी आणि परसबाग यांविषयी चार उपयोगाच्या गोष्टी सांगा," असे त्यांचे म्हणणे होते. ते ऐकून मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. कारण याच अनसिंगात, घराच्या डागडुजीविषयी, मी पूर्वी एकदा सल्ला दिलेला आहे. त्या सल्ल्याचे फळ म्हणजे एका घराची भिंत पडली.

ते घर माझ्या मैत्रिणीचे. ती आज या सभेत बसली आहे. "सांगू का गं?" असे मी तिला काल विचारले. ती म्हणाली, "सांग ना! भिंत माझी होती, पण गोष्ट आता सगळ्यांची आहे." तेव्हा तिच्या परवानगीने सांगते.

२०१२ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे आठ दिवस राहावयास आले होते. आम्ही दोघी कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या एस. टी. तून उतरले, ती तिचा दीर सायकल घेऊन उभाच होता. घर जुने, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचे, वर लाकडी खांबांवर तोललेले धाबे. पुढे मातीचे सारवलेले अंगण, कडेला एक शेवगा आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू. मुलाचे लग्न ठरायचे होते, म्हणून घर जरा नीटनेटके करावे असा बेत चालला होता. गवंडीही बोलावलेला. आणि मी, गृहशास्त्राची बाई, नेमकी त्या वेळी पाहुणी!

भगिनींनो, पाहुणीला दुसऱ्याच्या घरात फार लवकर दिसते. आपल्या घरातला कोपऱ्यातला पसारा दहा वर्षे दिसत नाही, पण मैत्रिणीच्या घरी पाय टाकला की तिची खिडकी लहान, तिचा ओटा ठेंगणा, तिचे अंगण धुळीचे, हे सारे चहा येईपर्यंत आपल्या ध्यानात येते. मलाही आले. मी म्हणाले, "भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचे प्लास्टर करून घ्या, म्हणजे दरवर्षीचे सारवण सुटेल. अंगणात काँक्रीट टाका, म्हणजे धूळ नाही, चिखल नाही." शेवगाही काढावा असे मी सुचविले, कारण त्यावर सुरवंट येतात.

गवंडी म्हातारा होता. तो हळूच म्हणाला, "बाई, हे मातीची भित आहे. मातीले सिमिट धरत नाही." मैत्रिणीच्या सासूबाई ओसरीत बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "अंगणातलं पाणी मंग कुठं जाईन माय?" या दोन वाक्यांत सारे शास्त्र होते. पण एक अडाणी गवंडी आणि एक म्हातारी बाई, त्यांचे मी काय ऐकणार! मी हसून म्हणाले, "आता सगळीकडे असेच करतात." मैत्रीण माझ्या शब्दाबाहेर जाणारी नव्हे. मी परत गेले आणि महिन्याभरात सारे काम झाले.

पहिला पावसाळा बरा गेला. २०१३ चा पावसाळा मात्र विदर्भाला चांगलाच आठवतो. त्या जुलै-ऑगस्टात पावसाने उसंत दिली नाही. अशाच एका रात्री स्वयंपाकघराची अंगणाकडची भिंत खाली बसली. सासूबाई नेहमी त्याच भिंतीशी निजत. त्या रात्री खोकल्याने झोप येईना म्हणून त्या ओसरीत येऊन बसल्या होत्या, म्हणून वाचल्या. धाबे खांबांवर होते म्हणून तेही राहिले. बाकी चूल, भांडी, वर्षाच्या डाळीचे डबे, सारे मातीखाली गेले.

मैत्रिणीने मला हे कळविले नाही. फोन करी, पण दोनच शब्द बोलून ठेवून देई. माझे काय चुकले ते मला समजेना. शेवटी दिवाळीनंतर दुसऱ्याच एका बाईकडून भिंतीची हकीकत कानावर आली. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी मी एस. टी. त बसले आणि न कळविता अनसिंगास आले. मैत्रीण दारात आली. "तू मला दोष का नाही दिलास?" असे मी विचारले. ती म्हणाली, "तू पाहुणी होतीस. पाहुणीला काय बोलायचं?" हे उत्तर मला त्या पडलेल्या भिंतीपेक्षा जड गेले.

आता ती भिंत का पडली ते सांगते, कारण आपल्या गावात अजून पुष्कळ घरे मातीची आहेत. मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते. भिंत मातीनेच लिंपलेली असली तर ती ओल बाहेर निघून वाळते. वरून सिमेंटचा थर बसला की तिची वाट बंद होते. शिवाय सिमेंट आणि माती यांचा सांधा जुळत नाही. बाहेरून भिंत कोरडी, गुळगुळीत, देखणी दिसते आणि आत चिखल होत असतो. माझ्या मैत्रिणीच्या भिंतीला तर आणखी एक शत्रू मी आणून ठेवला होता. तो म्हणजे काँक्रीटचे अंगण. गावातले रस्ते थरावर थर चढून उंच होत जातात आणि जुनी घरे खोलात राहतात. तिच्या अंगणाचा उतार त्यामुळे फाटकाकडे न जाता घराकडे आला. हिशेब करून पाहा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. तिचे अंगण सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर सुमारे २,८०० लिटर पाणी पडते. पूर्वी त्यातले पुष्कळसे अंगण आणि शेवग्याचे आळे पिऊन टाकीत. आता ते सारे भिंतीच्या पायाशी जाऊन बसले. सासूबाईंनी विचारलेला प्रश्न हाच होता.

पुढच्या उन्हाळ्यात, २०१४ साली, आम्ही ते घर पुन्हा उभे केले. आम्ही म्हणते, कारण त्या खेपेला मी सल्ला घेऊन नव्हे, सुटी घेऊन आले होते. त्याच म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले आणि तो सांगेल तसे केले. भिंतीचा खालचा तीन फूट भाग दगडाचा बांधला, वर पांढऱ्या मातीच्या विटा घातल्या. भिंतीलगतचे तीन फूट काँक्रीट फोडून काढले, बाहेर उतार दिला आणि पाण्यासाठी नाली केली. लिंपणासाठी पांढरी माती, गव्हाचे कुटार आणि शेण कालवून आठवडाभर मुरत ठेवले. काळी माती त्यात चुकूनही घालू नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. धाब्यावर दरवर्षी नवी माती टाकून टाकून एक फुटाचा थर झाला होता, तो अर्ध्याहून अधिक उतरविला. एक घनफूट मातीचे वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास असते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे पाच टनांहून जास्त ओझे आपण डोक्यावर घेऊन निजतो! ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे गेली, त्यांतली कितीतरी अशाच जाड भिंती आणि जड छपरे यांखाली सापडली. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये धरणी हलली, तेव्हा ही गोष्ट दूरची समजू नये.

त्या महिन्यात भिंतीबरोबर मीही थोडी नव्याने बांधली गेले. तेव्हापासून कोणाच्या घरी गेले आणि बोलण्याचा मोह झाला, तर मी चार गोष्टी स्वतःला विचारते. त्या आपणासही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट : पाणी कोठून येते आणि कोठे जाते? घर सुधारण्याची सुरुवात रंगाने नव्हे, पाण्याने करावी. वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर पडते का, मोरीचे पाणी कोठे मुरते, हे आधी पाहावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारे आणि डास यांवर तोड काढली. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा, त्यात दगडगोटे आणि मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी. फार चांगली युक्ती आहे. पण आपल्याकडे काळी जमीन जेथे खोल आहे तेथे पाणी लवकर जिरत नाही. खड्डा मुरुमापर्यंत न्यावा लागतो, आणि विहिरीपासून वा बोअरपासून तो निदान पन्नास फूट दूर ठेवावा लागतो. दुसऱ्या गावची युक्ती आणताना आपल्या गावची माती विसरू नये.

दुसरी गोष्ट : ऊन कोठून येते? आपल्या वऱ्हाडात घराला थंडीपेक्षा उन्हाचे भय अधिक. पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर सावली मिळाली तर रात्रीची झोप बदलते. त्या बाजूला कडुनिंब लावावा. ऐन उन्हाळ्यात तो नव्या पालवीने भरलेला असतो. मात्र भिंतीला चिकटून नव्हे, वीस-पंचवीस फूट सोडून. काळ्या जमिनीत झाडाची मुळे पायाखालचे पाणी ओढून घेतात, जमीन आकसते आणि भिंतीला तडे जातात. जागा कमी असेल तर मांडव घालून दोडका, वाल, भोपळा चढवावा. सावली मिळते, भाजीही मिळते. स्लॅबचे घर असेल त्यांनी मार्च महिन्यात गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. ऊन परत फिरते आणि खोली कमी तापते. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली, आणि पुढे तेथे गरिबांच्या वस्तीत हजारो छपरे अशीच पांढरी केली गेली. कूलर लावणाऱ्यांनी समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. हवा बाहेर पडावयास वाट नसली तर कूलर खोली थंड करीत नाही, नुसती ओलसर करतो. आणि त्याचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासावी, नाही तर डेंग्यूच्या डासांना आपणच घर बांधून दिले म्हणायचे.

तिसरी गोष्ट : त्या घरात राबते कोण, आणि तिला कोणी विचारले का? घर बांधताना बैठकीची चर्चा पुरुष करतात, दाराचा रंग मुलगा ठरवितो, आणि ओट्याची उंची गवंडी ठरवितो. ज्या बाईला त्या ओट्याशी रोज चार तास उभे राहायचे, तिला कोणी हाकही मारीत नाही. ओट्याची उंची तिच्या कोपराच्या चार-पाच इंच खाली असावी. पाच फूट उंचीच्या बाईला बत्तीस-तेहेतीस इंच पुष्कळ होतात. हे काही मोठे गणित नाही. गवंडी आला की सुनेला समोर उभी करावी आणि भिंतीवर कोळशाने रेघ मारावी. पंतप्रधान आवास योजनेतले ग्रामीण घरकुल २०१६ पासून निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे, असावे असे ठरले, आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागाही धरलेली आहे. एवढ्याशा जागेत खिडकी कोठे, फळी कोठे, न्हाणीला आतून कडी आहे की नाही, हे तेथे वावरणाऱ्या बाईइतके कोणाला कळणार?

चौथी गोष्ट : पैसा कोणाचा, आणि पाणी कोण वाहणार? माझ्या ओळखीच्या एका घरी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी हिरवळ लावण्याचा आग्रह धरला. हिरवळ दिसते सुंदर. पण उन्हाळ्यात एका चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागते. शंभर चौरस फूट हिरवळ म्हणजे रोज तीन हंडे. पाहुणे पुण्यास गेले आणि हंडे सुनेच्या कमरेवर आले! आपली बाग सांडपाण्यावर जगणारी असावी. मोरीच्या तोंडाशी कर्दळ, अळू, केळ. थोडे पुढे पपई आणि लिंबू. कढीपत्त्याला भांडी विसळलेले पाणी पुरते. सीताफळ आणि शेवगा एकदा धरले की फारसे मागत नाहीत. कुंडीत कोरफड आणि गवती चहा. तुळस, मोगरा, जास्वंद यांचे तर मी आपणास काय सांगावे!

भगिनींनो, मग मैत्रिणीच्या घरी जाऊन तोंड शिवून बसावे की काय? नाही. मैत्रिणीच्या नजरेचा उपयोग आहेच. आपल्या भिंतीवर उगवलेले पिंपळाचे रोप आपणाला दिसत नाही, ते तिला दिसते. पण सल्ला देण्याचीही एक रीत आहे, आणि ती या आपल्याच मुलखातल्या एका थोर माणसाने घालून दिली. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी जन्मले आणि १९५६ साली त्यांनी देह ठेवला. ते गावोगाव जात, पण गावात शिरताच उपदेश करीत नसत. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडीत. कीर्तन रात्री. दिवसभर ज्याला झाडताना पाहिले, त्याचे रात्रीचे बोलणे लोक ऐकत. मी मात्र कीर्तन आधी केले होते, आणि खराटा हाती घेतलाच नव्हता.

म्हणून माझी आपल्या मंडळाला एक नम्र सूचना आहे. सूचना म्हणजे पुन्हा सल्लाच, पण या खेपेला मी स्वतः वाटेकरी होणार आहे. संक्रांतीला आपण एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातो आणि वाण देतो. प्लॅस्टिकचे डबे आता सर्वांच्या घरी माळ्यावर पडून आहेत. त्याऐवजी आपल्या परसातले एक रोप वाण म्हणून न्यावे. कढीपत्त्याचे, गवती चह्याचे, मोगऱ्याचे, काहीही. ज्या बहिणींना आजवर या दिवशी घराबाहेर बोलावले जात नसे, त्यांच्याकडेही हे रोप घेऊन जावे. झाडाला सवाशीण कोण आणि विधवा कोण हे ठाऊक नसते. आणि रोप देऊन निघून येऊ नये. खड्डा कोठे खणावा हे घरच्या बाईला विचारावे, आणि माती आपण लोटावी. उन्हाळा लागला की एकदा आणि पाऊस सरला की एकदा पुन्हा जाऊन पाहावे. ज्याने सल्ला दिला त्याने पावसाळ्यानंतर एकदा तरी त्या घरी जावे, असा मी स्वतःपुरता नियमच केला आहे.

माझ्या मैत्रिणीची ती भिंत आज दहा पावसाळ्यांहून अधिक काळ उभी आहे. म्हातारा गवंडी आता नाही, सासूबाईही नाहीत. पण त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी मी आले होते, तेव्हा त्यांनी मला अंगणात नेले आणि तोडलेल्या शेवग्याच्या बुंध्याला फुटलेले नवे फोक दाखविले. तोवर ते छपराएवढे वाढले होते. "पाह्य," त्या म्हणाल्या, "त्यानं काई मनात नाई ठेवलं." मला वाटते, हे बोलणे केवळ शेवग्याविषयी नव्हते. त्या शेंगांची आमटी आज दुपारी मी जेवले आणि मग या सभेला आले.

  संक्रांतीला येईन, रोप घेऊन.